अर्ध्या फोटोवर सही नको

प्रश्न : मी दांडिया बाजारात राहते, वय ६३. माझा मोठा भाऊ १९७८ साली कलाभवनातून इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला. तिथे लग्न झालं, मोडलं, मूलबाळ नाही. न्यू जर्सीत होता एवढं नक्की. शेवटचा फोन २००९ च्या दिवाळीत आला. नंतर नंबर बंद, पत्रं परत. गेल्या महिन्यात चुलतभावाच्या मुलाचा फोन आला. तोही तिकडेच असतो. म्हणाला, काका २०२२ च्या मार्चमध्ये गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर दाखल्याचा फोटो पाठवला, त्यात वरचा अर्धाच भाग दिसतो. तारीख ०३/०७/२०२२ आहे, म्हणजे जुलै, आणि हा मार्च म्हणतो! आता सांगतो, काकांनी वाड्यातला त्यांचा हिस्सा मला लिहून दिलाय, तुम्ही आणि आजीने हक्क कमी करून द्या, कागद तयार आहेत. वाडा वडिलांनी स्वतः घेतलेला, ते १९९४ मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हतं. आई ८८ वर्षांची आहे. रोज संध्याकाळी विचारते, त्याचा फोन आला का? दादा खरंच गेला का, हे मी वडोदऱ्यात बसून कसं शोधू? आईला सांगू का? सही करू का?
एक बहीण, वडोदरा

उत्तर :

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घाई त्याचीच आहे. सही करू नका. तुम्ही नाही, आईंनीही नाही. चुलतभावाचा मुलगा उद्या वडोदऱ्याला आला, दुलीरामचे पेढे घेऊन दिवाणखान्यात बसला, 'नुसती फॉर्मॅलिटी आहे हो आत्या' म्हणाला, तरी नाही. हक्क कमीचा, म्हणजे आपला हक्क सोडून दिल्याचा, दस्तावेज एकदा सबरजिस्ट्रारकडे नोंदला गेला की तो मोडायला दिवाणी दावा लावावा लागतो. सूरसागरासमोर न्यायमंदिरात कोर्ट भरायचं तेव्हापासून मी ही कामं बघते आहे. कोर्ट दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं, दाव्यांची चाल मात्र तीच राहिली. ८८ वर्षांच्या बाईंना ती परवडायची नाही.

आता हिशेब बघा. वडिलांच्या मागे आई, दादा आणि तुम्ही, तिघांना वाड्याचा एकेक तृतीयांश. दादा खरोखर गेला असेल, त्याने पुन्हा लग्न केलं नसेल आणि मृत्युपत्रही केलं नसेल, तर त्याचा तृतीयांश तुमच्याकडे येतच नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गातल्या वारसांत आई आहे, बहीण नाही. म्हणजे फोनची वाट बघणाऱ्या त्या माउलीच्या वाट्याला आज वाड्याचा दोन तृतीयांश भाग असू शकतो, आणि ते तिला ठाऊक नाही. मुलाला आजीची सही का हवी, हे यावरून तुमच्या ध्यानात यावं. तो म्हणतो तसं मृत्युपत्र असेल तर त्याने ते वाचायला द्यावं. ज्याच्या हातात खरं मृत्युपत्र आहे, तो आधी ते समोर ठेवतो; सहीचं नंतर बोलतो. इथे उलटं चाललंय.

मुलगा लबाडच आहे असं मी म्हणत नाही. एका बाबतीत तर तो बरोबर आहे. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ०३/०७/२०२२ म्हणजे ७ मार्च, ३ जुलै नव्हे. या एका गोष्टीपायी आपल्याकडे कितीतरी घरांत भलत्याच तिथीला श्राद्धं चालली असतील. त्यामुळे तारखेवरून त्याला खोटं पाडायला जाऊ नका, तोंडघशी पडाल. फोटो अर्धाच का पाठवला, हे मात्र विचारा.

अमेरिकेतल्या मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं नाव, तारीख आणि गाव नसतं. आपल्या महानगरपालिकेच्या दाखल्यापेक्षा तो पुष्कळ बोलका असतो. जन्मतारीख आणि जन्मस्थान, मृत्यूसमयी विवाहित, घटस्फोटित की विधुर, जोडीदार हयात असल्यास त्याचं नाव, शिक्षण, आयुष्यभराचा व्यवसाय, वडिलांचं नाव, आईचं लग्नाआधीचं नाव, दहन की दफन, ते कुठे झालं, कोणत्या अंत्यसंस्कार-गृहाने केलं. आणि एक रकाना असतो, माहिती देणाऱ्याचा : कोणी सांगितलं, त्याचं मृताशी नातं काय, पत्ता काय. तुमच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. त्या कापलेल्या भागात 'विवाहित' असा शब्द आणि एखाद्या बाईंचं नाव निघालं, तर दादाच्या हिश्शात आई आणि ती विधवा अशा दोघी समान वाटेकरी होतात आणि सगळं गणितच फिरतं. म्हणून फोटो बाजूला ठेवा. आपल्याला दाखला हवा, आणि तो त्या मुलाच्या हातून आलेला नको.

पण त्याच्याही आधी दादा जिवंत तर नाही ना, ते बघायला हवं. हसू नका. आझमगढ जिल्ह्यातल्या लाल बिहारींना १९७५ साली नातलगांनी जमिनीसाठी सरकारदफ्तरी मृत करून टाकलं होतं. जिवंत माणसाला कागदावर जिवंत व्हायला १९९४ साल उजाडलं. तिकडेही कारकुनाच्या एका चुकीच्या आकड्याने जिवंत माणसाची सोशल सिक्युरिटी (तिथलं सरकारी पेन्शन) मृत म्हणून बंद पडल्याची प्रकरणं दरवर्षी होतात. तेव्हा दादाचा शेवटचा पत्ता काढा. परत आलेली पाकिटं आईंनी टाकली नसतील, त्या पिढीने काही टाकलेलं नाही. त्या पत्त्याच्या गावातल्या पोलीस ठाण्याच्या साध्या नंबरवर (तातडीचा ९११ नव्हे, आणि तो इथून लागतही नाही) फोन करून 'वेलफेअर चेक' करायची विनंती करा. हा तिथला नेहमीचा शब्द आहे. शिपाई घरी जाऊन दार वाजवतो, माणूस बरा आहे का बघतो. दादा असला आणि त्याला बोलायचं नसलं तर पोलीस तुम्हाला फार काही सांगणार नाहीत, 'तो ठीक आहे' एवढंच सांगतील. सोळा वर्षांनी तेवढं कळलं तरी पुष्कळ. हे फोनवर जमत नसेल तर न्यू जर्सीत 'मराठी विश्व' म्हणून आपल्या लोकांचं जुनं मंडळ आहे. १९७८ च्या आसपास तिकडे गेलेली मंडळी आता सत्तरीत आहेत, निवृत्त आहेत, आणि कलाभवनातलं कोणीतरी त्यांत निघतंच. असा एक माणूस मिळाला की तुमचं निम्मं काम झालं. पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता नाव. बहुतेक शोध इथेच अडतो. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. तिकडे मधलं नाव एका अक्षरापुरतं उरतं, कधी गळूनच पडतं. आडनावातला 'व' कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू. आणि ऑफिसात हाक मारायला सोपं म्हणून चंद्रशेखरचा शेखर, शेखरचा शेक आणि शेवटी कागदोपत्रीही तेच, असं मी पाहिलंय. दादाच्या जुन्या पत्रांवर, बँकेच्या चेकवर, पासपोर्टच्या झेरॉक्सवर नाव जसं जसं लिहिलंय ते सगळं एका कागदावर उतरवून काढा. एकच स्पेलिंग घेऊन शोधणारा माणूस हमखास रिकाम्या हाताने परततो आणि मग म्हणतो, नोंदच नाही.

जन्मतारखेचंही तसंच. तुमच्या-माझ्या पिढीतल्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहिली. दादाच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर पासपोर्टवर तेच, सोशल सिक्युरिटीत तेच, मृत्यूच्या दाखल्यावरही तेच यायला हवं. दाखल्यावर त्याची खरी जन्मतारीख असेल तर ती सांगणारा माणूस दादाला जवळून ओळखणारा होता, इतकं नक्की धरा.

मग दाखल्याचा अर्ज. अमेरिकेत मृत्यूची नोंद एका केंद्रात होत नाही, प्रत्येक राज्य आपापली ठेवतं. आणि कुणाला द्यायची याचे नियमही आपापले. ओहायोत कुणीही मागितला तर मिळतो. फ्लोरिडात मृत्यूचं कारण झाकून कुणालाही मिळतो. टेक्सासात २५ वर्षांनी सार्वजनिक होतो, न्यूयॉर्क राज्यात ५० वर्षांनी. न्यू जर्सीत प्रमाणित प्रत ठरावीक नातलगांनाच मिळते, पण तुमचं नशीब असं की त्या यादीत सख्खं भावंड आहे. म्हणजे आईंच्या सहीची गरज नाही, तुम्ही स्वतः मागू शकता. राज्याचं नोंदणी कार्यालय ट्रेंटनला आहे. शिवाय ज्या गावात मृत्यू झाला तिथल्या स्थानिक निबंधकाकडेही मिळते. 'ज्या गावात मृत्यू झाला' हे शब्द नीट वाचा. माणूस राहतो एका गावात आणि इस्पितळ असतं तिसऱ्याच गावात. नोंद इस्पितळाच्या गावी सापडते. फोटोत मृत्यूचं ठिकाण दिसत असेल तर ते इथे कामी येईल.

अर्जासोबत तुमची ओळख आणि दादाशी नातं, दोन्ही सिद्ध करावं लागतं. तुमच्या जन्माच्या दाखल्यावर आईवडिलांची जी नावं आहेत तीच दादाच्या नोंदीत हवीत. तुमचं आडनाव लग्नानंतर बदललंय, तेव्हा लग्नाचा दाखलाही लागेल. जन्मदाखला गुजरातीत असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या. अर्जातच लिहा की ही प्रत भारतात वापरायची आहे आणि तिच्यावर अपोस्टील हवं. अपोस्टील म्हणजे १९६१ च्या हेग कराराप्रमाणे कागदावर लावतात तो शिक्का. अमेरिकाही त्या करारात आहे आणि २००५ पासून आपणही. न्यू जर्सीत हा शिक्का राज्याच्या कोषागार खात्याकडून मिळतो. तो असला की इथला सिटी सर्व्हेचा साहेब किंवा तलाठी 'हा कागद कुठला' म्हणून परत पाठवू शकत नाही. पुढे आईंच्या नावाने पेढीनामा (वारसांची वंशावळ) करायचा झाला तरी हीच प्रत लागणार, म्हणून एक नको, दोन-तीन मागा.

आणि समजा ट्रेंटनहून उत्तर आलं की अशी नोंद सापडत नाही. तर ते पत्र फेकू नका, तोही पुरावाच आहे. एकतर नाव किंवा वर्ष चुकलं, नाहीतर मृत्यू दुसऱ्या राज्यात झाला. तिसरी शक्यता तुम्हाला कळतेच आहे.

दाखल्याची वाट बघत असताना तो मंडळातला माणूस एक काम करू शकतो. दादा ज्या काउंटीत राहत होता तिथल्या 'सरोगेट कोर्टा'त त्याला जाऊ द्या. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी गोष्ट. आपल्याकडे सरोगेट म्हटलं की लोकांना आणंदच्या सरोगेट माता आठवतात, पण न्यू जर्सीत सरोगेट म्हणजे वारसा आणि मृत्युपत्रं बघणारा निवडून आलेला अधिकारी. प्रोबेटला, म्हणजे खरं ठरवून घ्यायला, आलेलं मृत्युपत्र तिथे सार्वजनिक कागद होतं. कुणीही नाव सांगून बघू शकतो, फी भरून प्रत घेऊ शकतो. चुलतभावाच्या मुलाच्या नावे खरंच काही लिहिलं असेल तर ते इथे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि सोबत मृत्यूची तारीखही असेल. गंमत म्हणजे तिथे मृत्यूनंतर दहा दिवस उलटल्याशिवाय मृत्युपत्र प्रोबेट होत नाही, अकराव्या दिवसापासून होतं. आपल्या दहाव्या-अकराव्याचा तिथल्या कायद्याशी काही संबंध नसणार, पण पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी क्षणभर थांबले होते.

त्याच कोर्टाचा आणखी एक नियम तुमच्या कामाचा. मृत्युपत्र प्रोबेट झालं की साठ दिवसांच्या आत ज्यांना काही मिळणार त्यांना आणि जवळच्या वारसांना कळवणं इस्टेटीच्या व्यवस्थापकावर बंधनकारक आहे. पत्ता माहीत नसेल तर त्या काउंटीच्या वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. पत्नी नाही, मूल नाही अशा माणसाचा जवळचा वारस तिथल्या कायद्यानेही आईच. दांडिया बाजारातला तोच पत्ता, तोच वाडा, पन्नास वर्षांत बदललेला नाही, आणि तरी आईंना पत्र आलं नाही. असं का, हे त्या मुलाला शांतपणे विचारा. कोणत्या काउंटीत प्रोबेट झालं, कधी, फाइलचा नंबर काय? या तीन प्रश्नांची उत्तरं खऱ्या माणसाकडे तयार असतात.

दादाचं तिथे घर असेल तर तेही बघता येतं. घरांचे दस्त काउंटी क्लर्ककडे खुले असतात आणि कोणत्या घराचा कर कोणाच्या नावावर आहे हेही उघड असतं. २०२२ नंतर घर विकलं गेलं असेल आणि दस्तात विकणारा म्हणून 'अमुकच्या इस्टेटीचा व्यवस्थापक' असं लिहिलं असेल, तर मृत्यू झाला, आणि व्यवस्थापक कोण हेही कळलं.

आता ज्या वाटांवर लोक आधी धावतात त्यांच्याबद्दल. 'सोशल सिक्युरिटी डेथ इंडेक्स' असं नाव तुम्हाला कुणीतरी सांगेलच. 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर तो फुकट बघायला मिळतो. पण तिथली यादी २०१४ पर्यंतची आहे, कारण त्यानंतर कायद्याने अलीकडच्या तीन वर्षांतल्या मृत्यूंची माहिती सामान्य माणसाला बंद केली. शिवाय २०११ च्या नोव्हेंबरात राज्यांकडून आलेली सुमारे ४२ लाख नावं त्या यादीतून काढून टाकली. म्हणजे २०२२ च्या मृत्यूसाठी ती बिनकामाची, आणि तिच्यात नाव नसणं म्हणजे माणूस जिवंत असणं नव्हे. तरीही एकदा बघाच. दादाचा शेवटचा फोन २००९ चा आहे, आणि २००९ ते २०१४ मध्ये त्याच्या नावाची, त्याच जन्मतारखेची नोंद निघाली तर २०२२ चा दाखला कुणाचा, असा प्रश्न उभा राहतो.

पैसे घेऊन माणसं शोधून देणारी अमेरिकन संकेतस्थळं असतात त्यांच्यावर एक रुपया घालवू नका. जुने पत्ते आणि नातलगांची नावं त्यांच्याकडे बरी सापडतात, पण मेलेल्या माणसाचं वयही ती वर्षावर्षाने वाढवत नेतात. त्याऐवजी मृत्यूच्या आठवड्यातल्या श्रद्धांजलीच्या नोटिसा शोधा. तिथली अंत्यसंस्कार-गृहं त्या आपापल्या संकेतस्थळांवर वर्षानुवर्षं ठेवतात. 'पश्चात' कोण कोण आहे ते त्यात लिहिलेलं असतं. दादाच्या पश्चात आई आणि बहीण लिहिली आहे का, की दुसरीच नावं, ते कळेल.

वकिलातीबद्दल थोडंच. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटच्या हद्दीत येतं. दादाचा पासपोर्ट शेवटपर्यंत भारतीय असेल तर तिथे मृत्यूची नोंद आणि पासपोर्ट रद्द केल्याची नोंद असू शकते. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकून विचारता येईल. तो अमेरिकन नागरिक झाला असेल तर त्यांच्याकडे फारसं काही नसणार. १९७८ ला गेलेला माणूस बहुधा नागरिक झालेला असतो, म्हणून मी या दारावर फार वेळ उभी राहणार नाही.

कुणी वकील तुम्हाला असंही सांगेल की एवढी धावपळ कशाला, सात वर्षं ठावठिकाणा नाही म्हणजे कायद्याने मेला. अर्धं खरं आहे. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११. त्यानुसार माणूस मृत मानता येतो, पण तो कधी मेला हे त्यातून ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या अनुराधा खटल्यात हे स्वच्छ सांगितलं आहे. आणि तुमच्या घरात तारखेलाच किंमत आहे. दादा आईंच्या आधी गेला असेल तर त्याचा हिस्सा आईंकडे आला आणि त्यांच्यामागे तुमच्याकडे येईल. तो हयात असेल तर उद्या आईंच्या हिश्शातही तो तुमच्या बरोबरीचा वारस. नुसत्या 'मेला असं धरू या'वर वाड्याचा कागद होत नाही. (आपल्या धर्मशास्त्राने परदेशी बेपत्ता झालेल्याची बारा वर्षं वाट बघायला सांगितली, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन. आणि तो नंतर परत आला तर त्याचा जातकर्मापासून पुन्हा जन्म करायची सोयही ठेवली. जुन्या लोकांना माहीत होतं की बातम्या चुकतात.)

आता मी जे सांगणार आहे ते कायद्याचं नाही. माझे मामा १९८६ साली इंग्लंडमध्ये, लेस्टरला गेले. एकटे होते. घरमालकाचं पत्र आलं, त्यावरून आजीने तिथी धरली आणि आमच्या रावपुऱ्याच्या घरात त्या तिथीला बारा वर्षं श्राद्ध झालं. मग माझा मावसभाऊ तिकडे गेला तेव्हा त्याने मृत्यूचा दाखला काढला. इंग्लंडचं बरं आहे, तिथे १ जुलै १८३७ पासूनच्या नोंदी आहेत आणि नातं सिद्ध न करता कुणाचाही दाखला कुणीही फी भरून मागवू शकतो. (तुमच्यासारख्या ज्या वाचकांचं माणूस इंग्लंडमध्ये होतं त्यांनी साउथपोर्टच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडे घरबसल्या अर्ज करावा. मृत्युपत्रांची १८५८ पासूनची सूचीही तिथे सगळ्यांना खुली आहे.) दाखला आला तेव्हा कळलं की मामा दोन महिने आधीच गेले होते. बारा श्राद्धं चुकीच्या तिथीला. पण माहिती देणाऱ्याच्या रकान्यात एका बाईंचं नाव होतं, पुढे 'मृत्यूसमयी हजर', आणि त्याच गल्लीतला पत्ता. मी त्या पत्त्यावर पत्र टाकलं. चार ओळींचं उत्तर आलं. त्या शेजारीण होत्या. लिहिलं होतं, शेवटच्या रात्री ते त्यांच्या भाषेत बोलत होते, मला कळत नव्हतं, मी 'हो, हो' म्हणत होते.

आजी तोवर गेली होती. हे पत्र तिला वाचून दाखवता आलं नाही, याची चुटपुट मला आजही आहे. तिथी चुकल्याची तेवढी नाही.

म्हणून तुमच्या दाखल्यातला तो माहिती देणाऱ्याचा रकाना आधी वाचा. वारसाचं नंतर.

आईंना सांगायचं का, या प्रश्नाला मी तुमच्याजागी असते तर असं वागले असते : दाखला हातात येईपर्यंत काही नाही, आल्यावर एक दिवसही उशीर नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ पडल्याची बातमी पुण्यात आली, कुणी म्हणे पडले, कुणी म्हणे निसटले, पुढे तर भाऊ म्हणून एक तोतयाच उभा राहिला. पार्वतीबाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. १७८३ मध्ये जाईपर्यंत त्या सवाष्णच राहिल्या. लोकांनी त्याला वेड म्हटलं. मला वाटतं त्यांच्यापुढे कुणी विश्वासाचा पुरावा ठेवलाच नाही, मग बाईंनी काय म्हणून कुंकू पुसायचं? तुमच्या आईंना अर्ध्या फोटोवरून रडायला लावू नका. उद्या तो खोटा निघाला तर ते अश्रू परत कसे घेणार? पण खरा निघाला तर 'वयामुळे सोसणार नाही' म्हणून लपवूही नका. आई आहे ती. शिवाय कागद बोलायला लागले की त्यांची सही लागेलच, आणि मुलगा गेल्याचं बाईंना सबरजिस्ट्रारच्या खिडकीपाशी कळणं यासारखं वाईट काही नाही. सुतकाचं तेव्हा गुरुजींना विचारा. वर्ष उलटून गेल्यावर कळलं तर भावंडांना बहुधा नुसतं स्नान सांगतात.

मुलाशी भांडू नका. फोनवर एवढंच म्हणा, 'बाळा, पूर्ण दाखला पाठव आणि मृत्युपत्राची प्रत पाठव, आमचे वकील बघतील.' त्यावर तो काय करतो ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा. यापुढचं बोलणं फोनवर न करता मेसेजवर करा, म्हणजे ते राहील.

आणि आज संध्याकाळी आईंनी फोनचं विचारलं की तुम्ही त्यांना एक विचारा. म्हणा, पेन्शनचा का कसला फॉर्म भरतेय, त्यात लागतंय : दादा खरा कधी जन्मला? शाळेतलं नको, खरं. त्या तिथी सांगतील, वार सांगतील, पाऊस होता की नव्हता तेही सांगतील. जसं सांगतील तसं लिहून घ्या आणि मला पाठवा. माझ्याकडे त्या सालाची जुनी पंचांगं आहेत, इंग्रजी तारीख मी काढून देईन.